जुम्याच्या रातीचं आमंत्रण

आमच्या क्लबात जेवणाला फेलोशिप म्हणतात. हे मला सभासद झाल्यावर बऱ्याच दिवसांनी कळलं. तोवर 'मीटिंगनंतर फेलोशिप आहे' असा निरोप आला की मला वाटायचं, काहीतरी गंभीर चर्चा असणार. म्हणून मी घरून पोटभर जेवून जायची आणि तिथे गेल्यावर पुन्हा ताट समोर यायचं. नवरा म्हणायचा, "समाजसेवेला चाललीस ना? वजन वाढलं की समजेन, सेवा चांगली चालली आहे."

रत्नागिरीत माझं चष्म्याचं दुकान आहे. क्लबात डॉक्टर, बागायतदार, विमावाले, एक-दोन ठेकेदार आणि नुकतेच निवृत्त झालेले बरेच. दर गुरुवारी संध्याकाळी एका हॉटेलच्या वरच्या हॉलमध्ये आम्ही जमतो. घंटा वाजते, राष्ट्रगीत होतं, मागच्या सभेचा वृत्तान्त वाचला जातो आणि तो कुणी ऐकत नाही. त्या वर्षी अध्यक्षपद माझ्या गळ्यात पडलं होतं, कारण दुसऱ्या कुणाचा गळा रिकामा नव्हता. अध्यक्ष झाल्याझाल्या मी एक फर्मान काढलं, सभा चालू असताना सगळ्यांचे फोन बंद. माझा स्वभाव फटकळ, म्हणून लोकांनी ते पाळलंसुद्धा.

माझ्या दुकानात खाडीपलीकडच्या मोहल्ल्यातले पुरुष नेहमी येत. उन्हाने आणि खाऱ्या वाऱ्याने डोळ्यात वडस म्हणजे मांसाचा पापुद्रा वाढलेला, डोळे कायम लाल. बायका मात्र कधी येत नसत. त्यांच्यासाठी कुणीतरी नवऱ्याचा जुना चष्मा घेऊन यायचा आणि म्हणायचा, "ह्याच नंबराचा द्या, तिला चालतो." चालतो म्हणजे काय? चप्पल आहे का ती? मी चिडायची, तो ओशाळायचा आणि शेवटी तोच चष्मा काच पुसून परत न्यायचा.

मग एक दिवस एक बाई एकटीच दुकानात आली. साधारण माझ्याच वयाची, ठसठशीत, डोक्यावरून ओढणी घेतलेली. काउंटरवर दोन्ही हात टेकवून म्हणाली, "मना माज्या डोल्यांचा नंबर पायजे. नवऱ्याच्या नको."

मी तिला खुर्चीत बसवलं आणि मनातल्या मनात तिच्या पाया पडले. सगळे तिला आपा म्हणत, मीही म्हणू लागले. सुक्या मासळीचा तिचा धंदा होता, नवरा कुवेतला आणि मोहल्ल्यातल्या बायकांच्या बचत गटाची ती प्रमुख. पुढे ती बाजाराला आली की दुकानात डोकावायची. मी चहा मागवायची आणि आम्ही दोघी गिऱ्हाइकांना नावं ठेवायचो. तिनेच एकदा म्हटलं, "बायका हितं येनार नाय मॅडम. तुमीच तिकडं येवा." शिबिराची कल्पना तिथून निघाली.

क्लबात मी विषय काढला तेव्हा कुणी नको म्हणालं नाही, पण हो म्हणायलाही कुणाला घाई नव्हती. आमचे एक माजी अध्यक्ष आहेत, आयुष्यभर बँकेत नोकरी केलेले. प्रत्येक गोष्टीत जोखीम किती, हे आधी बघतात. ते म्हणाले, "वाईट काही नाही. पण त्यांचं आपलं येणं-जाणं मासळीबाजारापुरतं. शिबिराला कोणी आलंच नाही तर हसं होईल."

मी म्हटलं, "झालं तर माझं होईल. तुम्ही लांब उभे राहा."

हसं झालं नाही. बायका सकाळपासून रांग लावून बसल्या. ज्यांनी जन्मात डोळे तपासले नव्हते त्या भिंतीवरची अक्षरं ओळखताना एकमेकींना खुशाल सांगत होत्या आणि डॉक्टर बिचारे 'सांगू नका, सांगू नका' करून घसा बसवत होते. मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी बऱ्याच जणी निघाल्या. पहिलं नाव आपाच्या सासूचं. सगळा मोहल्ला तिला अम्मा म्हणायचा. तिच्या दोन्ही डोळ्यांत इतका मोतीबिंदू उतरला होता की ती माणसं आवाजावरून ओळखायची. एका रविवारी आम्ही गाडी पाठवायची, सगळ्या बायकांना शहरातल्या डोळ्यांच्या दवाखान्यात आणायचं, ऑपरेशन करून दुसऱ्या दिवशी घरी सोडायचं, असं ठरलं. मी खुशीत घरी आले.

दोन दिवसांनी आपा दुकानात आली तेव्हा तिचं तोंड उतरलेलं होतं.

तिचा थोरला दीर जमातीत वजन असलेला माणूस. तो म्हणाला होता, शिबिर झालं, फोटो झाला, आता पुरे. (फोटोबद्दल त्याचं काही चुकत नव्हतं. आमच्या क्लबात डॉक्टर यायच्या आधी बॅनर पोचतो.) पण त्याच्या मनात खरं सललं होतं ते वेगळंच. शिबिराच्या दिवशी आपाने सगळ्यांसाठी चहा पाठवला होता आणि आमच्या एकाही माणसाने तो घेतला नव्हता. आम्ही आमचं पाणी, आमचे वडे डब्यातून नेले होते. यजमानांना तोशीस नको, ही आमची पद्धत. त्याला त्यात दुसरंच दिसलं.

"तो बोल्ला, जी लोका आपल्या घरचा चहा पीत नाय, त्यांच्या भरवशावर मी माज्या आईला रातभर परक्या गावात ठेवू?" आपा म्हणाली. "मी बोल्ली, ती लोका तशी नाय. माज्या घरात बसून जेवतील. तो बोल्ला, बरा. जेवली तर रविवारी अम्मा जाईल, सगली जातील. नाय जेवली तर ह्या मोहल्ल्यात परत कोनी शहरातला आनायचा नाय, नि तू पन बाजार सोडून शहरात जायाचा नाय."

"जेवू की!" मी म्हटलं. "आम्ही जेवणात कधी मागे राहिलोय का?"

ती हसली, पण तिचे हात ओढणीचं टोक पिळत होते. सगळ्या मोहल्ल्यासमोर तिने शब्द टाकला होता आणि तो शब्द आता माझ्या क्लबातल्या दहा-बारा खाणाऱ्यांच्या हातात होता. तिची भीती मला कळत होती. उठताना ती म्हणाली, "मग जुम्याच्या रातीला येवा सगली. मगरिब झाली का जेवान."

मगरिब म्हणजे सूर्यास्ताची नमाज, हे रत्नागिरीत जन्मलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. जुम्मा म्हणजे शुक्रवार, हेही नाही. आम्हाला सगळं कळतं, हीच तर आमची अडचण.

मी क्लबाच्या ग्रुपवर टाकलं, शुक्रवारी संध्याकाळी मोहल्ल्यात जेवण, यायचंच. माजी अध्यक्षांचा फोन आला. "मी येईन. तिथे गेल्यावर बघू काय ते." मी म्हटलं, "बघायचं नाही, जेवायचं. बघायला टीव्ही आहे घरी."

आदल्या दिवशी आमची नेहमीची सभा होती. मार्गशीर्ष चालला होता, त्यामुळे आमच्यातल्या बायका घटाची पूजा, आरती उरकून उशिराच आल्या, कपाळभर हळदकुंकू आणि डब्यातून गोडाचा प्रसाद. कुणीतरी सौरऊर्जेवर भाषण ठेवलं होतं. वक्ता थांबायचं नाव घेईना आणि फोन बंद ठेवायचं फर्मान माझंच, त्यामुळे घड्याळ बघण्यापलीकडे मला काही करता येईना. शेवटी घंटा वाजवून मी त्याला गप्प केलं. फोन चालू केला तर आपाचे बरेच मिस्ड कॉल, आणि एक बोललेला निरोप.

"मॅडम, आमी वाट बगताव हां. येवा."

मी तो मोठ्या आवाजात सगळ्यांना ऐकवला. आमच्या बायका 'अगं बाई, किती गोड' म्हणाल्या. "बघा," मी माजी अध्यक्षांना म्हटलं, "आदल्या दिवसापासून वाट बघतायत. आणि तुम्ही म्हणे येणं-जाणं मासळीबाजारापुरतं." ते भातावर वरण घेत राहिले. मी आपाला फोन लावला, तिने उचलला नाही. उद्याचा स्वयंपाक असेल, कांद्यात हात असतील बिचारीचे, असं म्हणून मी तिला उत्तरादाखल एक हसरा चेहरा आणि एक अंगठा पाठवून दिला.

शुक्रवारी सकाळी फोन लावला, उचलला नाही. दुपारी लावला, तेच. आता माझ्या डोक्यात किडा वळवळायला लागला. पाहुण्यांना बोलावून फोन न उचलणारी ही कसली यजमानीण? दीराने काही घोळ घातला असेल का? नवरा म्हणाला, "जाऊ नका मग." मी म्हटलं, "दहा-बारा लोकांना सांगून ठेवलंय. आता दार बंद असलं तरी दारात बसून जेवेन."

दिवस मावळताना आम्ही दोन गाड्या भरून निघालो. सोबत फळांची टोपली आणि आमच्या एका सभासद बाईंनी केलेले रव्याचे लाडू. भरतीचं पाणी चढलेलं होतं आणि पुलावरून सुकत घातलेल्या मासळीचा वास येत होता. गाडीत सगळ्यांना भुका लागल्या होत्या, कारण मी दुपारचं कमी जेवायला बजावलं होतं. मोहल्ल्यात शिरलो तर गल्ली शांत. कुठे मांडव नाही, सतरंजी नाही, मसाल्याचा वास नाही. आपाच्या अंगणात दोन मोठाल्या देगी घासूनपुसून उपड्या घातलेल्या होत्या.

मी दार वाजवलं. आपाने उघडलं. साध्या घरातल्या कपड्यांत होती, डोळे सुजलेले. आम्हाला बघून तिचा चेहरा दगडासारखा झाला.

"आता कशाला आलाव?"

माझ्या मागे सगळा क्लब टोपल्या घेऊन उभा. माझा पारा चढायला तेवढं पुरे झालं. "कशाला म्हणजे? जेवायला! तुम्हीच बोलावलंत. सकाळपासून फोन करतेय मी, उचलायला काय झालं?"

"जेवान काल होता."

"काल कसं असेल? शुक्रवारी सांगितलं होतंत तुम्ही."

"मी शुक्रवार बोल्लीच नाय. मी जुम्याची रात बोल्ली."

"मग? जुम्मा आज आहे."

"जुम्मा आज हाय," आपा म्हणाली. "जुम्याची रात काल झाली."

मला वाटलं, हिला ताप आला असावा. मी लहान मुलाला समजावतात तसं म्हटलं, "आपा, आधी दिवस उजाडतो, मग त्याची रात्र होते. शुक्रवार उजाडायच्या आधी शुक्रवारची रात्र येईलच कशी?"

"आमच्यात रात पयली येते!" ती ओरडली. "मगरिब झाली का दिस बदलला. चांद आधी दिसतो का ईद आधी येते? जुमेरात म्हंजे काय? जुम्याचीच रात ती!"

जुमेरात म्हणजे गुरुवार, हेही मला ठाऊक होतं. ईदचा चंद्र आदल्या संध्याकाळी बघायला आम्ही लहानपणी गच्चीवर जायचो. दुसऱ्या दिवशी शेवया येणार म्हणून नाचायचो. आयुष्यभर हे बघत आले होते आणि त्याचा अर्थ एवढाच, की त्यांचा दिवस संध्याकाळी सुरू होतो, हे डोक्यात कधी शिरलं नव्हतं. आमच्याकडे तिथी कधी लागते आणि कधी संपते यावरून घराघरात वाद होतात, पंचांगं निघतात. पण दुसऱ्याचा दिवस आपल्यासारखाच सकाळी उजाडणार, याबद्दल मात्र आम्हाला कधी शंका येत नाही.

"म्हणजे काल तुम्ही..." मी म्हटलं.

"काल मी मटनाचा सालन केला, सांदनं केली, गल्लीत सतरंजी घातली. सगला मोहल्ला बगत होता. फोन केला, फोन बंद. वाट बगताव बोल्ली तर..." तिने फोन काढून माझ्यासमोर धरला. "तुमी मना हसलाव. नि ठेंगा दाखवलाव!"

स्क्रीनवर माझा हसरा चेहरा आणि त्याच्या शेजारी माझा अंगठा. आमच्या मराठीतही कुणाला अंगठा दाखवला की तो ठेंगाच. मला हसू यायला लागलं आणि त्याच वेळी रडूही येत होतं आणि दोन्ही एकदम आल्यावर माणसाचं जे ध्यान दिसतं तसं माझं दिसत असणार. मी तिचे दोन्ही हात धरले. "आपा, मला वाटलं तुम्ही आजची वाट बघताय. मी सगळ्या क्लबाला ऐकवला तुमचा निरोप. आम्ही आज उपाशी आलोय. विचारा ह्यांना!"

मागून आमच्या एका डॉक्टरांनी केविलवाण्या आवाजात सांगितलं, "खरंच उपाशी आहोत हो."

एव्हाना आजूबाजूची दारं उघडली होती. शेजारच्या घरातून आपाचा थोरला दीर बाहेर आला. डोक्यावर पांढरी टोपी, हातात तसबीहची माळ. पायरीवर उभं राहून त्याने सगळं ऐकलं असावं. तो माझ्याकडे बघून म्हणाला, "म्हंजे तुमी आज जेवायलाच आलाव?"

"मग काय भाई, विजेचं मीटर वाचायला आलो?"

त्याच्या दाढीत काहीतरी हललं. हसू होतं की नाही, सांगता येणार नाही. आपा म्हणाली, "पर आता घरात काय नाय. काल उरलेला सगला वाटून टाकला. नि आज जुम्मा, होड्या गेल्या नाय, ताजी मासली पन नाय."

"जे असेल ते," मी म्हटलं. "जेवल्याशिवाय मी इथून हलणार नाही. हवं तर मीठ-भाकरी द्या."

मग जे झालं ते मी याआधी कुठल्याच फेलोशिपमध्ये बघितलेलं नाही. गल्लीतल्या घराघरातून एकेक भांडं यायला लागलं. कुणाकडून तांदळाच्या भाकऱ्या, कुणाकडून डाळीचं कालवण, कुणाकडून अंडी परतून, कुणाकडून नुसतंच लिंबाचं लोणचं आणि कांदा. आपाने स्वतः सुक्या कोलंबीचे सोडे भिजत टाकले आणि बटाटा घालून असं काही कालवण केलं की त्या वासाने आमचे डॉक्टर दोनदा स्वयंपाकघराच्या दारापर्यंत जाऊन आले. एका बाईने टोपभर सांदणं आणली, म्हणाली कालचीच आहेत पण वाफवून दिली आहेत. आमच्याकडे सांदणं म्हणजे फणसाची, गोड. ही पांढरीशुभ्र, नारळाच्या दुधातली, कालवणाबरोबर खायची. माजी अध्यक्षांनी पहिलं सांदण गोड समजून नुसतंच खाल्लं, चेहरा जरा वेंधळा केला, मग शेजारच्याचं बघून कालवणात बुडवलं, आणि त्यानंतर ते बोलायचे थांबले. मांडी घालून बसायला त्यांना त्रास होतो, पण त्या दिवशी गुडघ्यांनी तक्रार केली नाही.

दीर वाढायला उभा होता. यजमान म्हणून उभा होता आणि पहारा म्हणूनही, हे मला कळत होतं. त्याची नजर प्रत्येकाच्या ताटावर फिरत होती. अम्मा कोपऱ्यात पलंगावर बसून आवाज ऐकत होती आणि मधूनच विचारत होती, "जेवतत का? कोन कोन जेवतंय?" आणि कुणीतरी तिला सांगत होतं, "सगली जेवतत अम्मा, सगली."

जेवण संपत आलं तेव्हा दीर माजी अध्यक्षांसमोर बसला. "साहेब, एक इचारू? काल आलां असतांव तर काय? असाच जेवला असतांव?"

साधा प्रश्न होता. दुसरा कुणी असता तर 'हो हो, का नाही' म्हणून मोकळा झाला असता. पण आमच्या माजी अध्यक्षांना खोटं बोलता येत नाही, तेवढा एक दोष त्यांच्यात आहे. त्यांनी हातातला घास ताटात ठेवला.

"नाही," ते म्हणाले. "काल माझा गुरुवार. मार्गशीर्षातला. काल मी मटण-मासळीला हात लावला नसता."

मी आमच्या बायकांकडे बघितलं. प्रत्येकीच्या घरी काल घट मांडलेला होता, प्रत्येकीचा उपास होता. माझाही होता, आणि तो आरतीनंतर सोडायचा तो गोडाधोडावर, मटणावर नाही! काल आम्ही त्या दारात आलो असतो तर काय झालं असतं, ते चित्र माझ्या डोळ्यासमोर उभं राहिलं. गल्लीत सतरंजी, देगींची झाकणं उघडलेली, सगळा मोहल्ला बघतोय, आणि आम्ही दहा-बारा जण हात जोडून एकेक करून म्हणतोय, नको, आज चालत नाही, आज नको, फक्त पाणी घेतो. उपासाचं कारण आम्ही सांगितलं असतं. ते कोणी ऐकलं असतं? या घरात आपाच्या दीराने आधीच सांगून ठेवलं होतं, की ही लोकं जेवणार नाहीत.

आपाने कपाळावर हात मारून घेतला. "या अल्ला. बाजाराचा गुरवार मना म्हाईत! मार्गशीर्षातल्या गुरवारी माजी बोंबलाची एक जुडी इकत नाय. पर घरात मी जुम्याची रात बोल्ली. दोनी एकच दिस हाय, ह्या डोक्यात आलाच नाय!"

दीर खाली मान घालून बसला होता. त्याचे खांदे हलायला लागले. मला वाटलं आता हा उठून जाणार. तो हसत होता. आधी आवाज न करता, मग मोठ्याने, टोपी हातात घेऊन.

"काल तुमी आलां असतांव," तो डोळे पुसत म्हणाला, "तर मी जिंकलो असतो."

मग तो माझ्याकडे वळला. "मॅडम, रविवारी गाडी किती वाजता येनार? अम्माला फाटे उठून तयार करावा लागल."

माझा जीव भांड्यात पडला. हे मी नुसतं म्हणायचं म्हणून म्हणत नाही. सकाळपासून छातीवर काहीतरी बसलेलं होतं, ते त्या क्षणी उठून गेलं. चुकलो म्हणून वाचलो. असं इतकं स्वच्छ माझ्या आयुष्यात पुन्हा कधी घडलेलं नाही. देवाचे आभार मानायचे तर कोणाच्या देवाचे, हा प्रश्न होता, म्हणून मी दोघांचे मानले.

आपा पाणी आणते म्हणून आत गेली ती बाहेर येईना. मी मागोमाग गेले. चुलीशेजारी भिंतीकडे तोंड करून ती उभी होती.

"काल मी हितंच बसली होती," ती म्हणाली. "देगी भरलेल्या. सगल्या बायका गुमान आपापल्या घरी गेल्या, कोनी मना काय बोल्ली नाय. बोल्ल्या असत्या तर बरा झाला असता. मना वाटला, तो खरा होता नि मी येडी. जिंदगीभर तोच खरा राहनार."

मी तिला जवळ घेतलं. मला सांत्वन करता येत नाही, मी बोलायला गेले की भांडणासारखंच वाटतं, म्हणून नुसती तिची पाठ थोपटत राहिले. आम्ही दोघी बराच वेळ तशाच रडलो. बाहेर माजी अध्यक्ष कुणालातरी आणखी एक सांदण मागत होते.

रविवारी सकाळी गाडी गेली तेव्हा मीही बरोबर गेले. ठरलेल्या बायकांपेक्षा जास्तच बायका गल्लीच्या तोंडाशी उभ्या होत्या, कुणाच्या हातात पिशवी, कुणाच्या डबा, दोघी तर नुसत्याच तपासून घ्यायला आलेल्या. ड्रायव्हर म्हणाला, एवढ्या बसणार नाहीत. मी म्हटलं, बसवल्याशिवाय गाडी हलणार नाही. दीराने अम्माला स्वतः उचलून पुढच्या बाजूला बसवलं, तिची शाल नीट केली आणि मला म्हणाला, "तिला रातीला दोनदा उठायला लागता. हात धरायचा, नायतर पडल." मी हो म्हटलं. त्याने पुन्हा तेच सांगितलं. मी पुन्हा हो म्हटलं.

आपा सगळ्यात शेवटी चढली. सगळ्यांची आधार कार्डं, औषधं, चपला तपासून झाल्यावर ती अम्माच्या शेजारी खिडकीशी बसली आणि गाडी सुरू व्हायच्या आधीच तिचं डोकं काचेला टेकलं. तोंड किंचित उघडं, ओढणी मागे सरकलेली. अम्माला काही दिसत नव्हतं, पण तिने कान देऊन ऐकलं आणि अंदाजाने हात पुढे करून सुनेची ओढणी डोक्यावर ओढली.

"झोपली ना?" तिने मला विचारलं. "झोपू दे. दावतीचा बोल्ल्यापासना तिच्या डोल्याला डोला नाय लागला."

मी ड्रायव्हरला गाडी सावकाश घ्यायला सांगितलं.